काकांच्या टीमचं पब्लिक

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून अंदाज घ्यायचा प्रयत्नही केला नाही. दारातच उभं करून, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात एकच प्रश्न टाकला.

"तालीम कंची?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे सपोर्ट कुणाला?"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे सांगायला लागतं. इथं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि त्या पेठेत जन्मलेलं पोर शाळेत नाव घालायच्या आधी तालमीचं झालेलं असतं. मी तेव्हा नुकतीच शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लागले होते. फुटबॉल गोल असतो, एवढीच माझी त्या विषयातली माहिती.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं कसं? मग मॅचच्या दिवशी करतीस काय?" आणि आत वळून ओरडले, "अगं, ही कुठल्याच तालमीची न्हाई म्हणती! काय करायचं?"

आतून काकूंचा आवाज आला, "चांगलंच हाय की. घरात एक तरी शाणं माणूस होईल."

मला खोली मिळाली. तिथं मी चार वर्षं राहिले. आता लग्न होऊन हातकणंगल्याला असते, तरी महिन्यातून एकदा तरी त्या घरी जाऊन ओरडून घेतल्याशिवाय मला बरं वाटत नाही. ओरडून घेतल्याशिवाय असं म्हणते, कारण काकांना हळू बोलता येतच नाही. उभा जन्म त्यांनी फौंड्रीच्या मोल्डिंग शॉपमध्ये काढला. तिथल्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू यायचं तर दोघांनीही बेंबीच्या देठापासून बोलायला लागतं. रिटायर झाल्यावर यंत्रं तिकडं राहिली आणि आवाज तेवढा घरी आला. देवाला नमस्कार करतानाही ते पुटपुटत नाहीत. देवाकडं त्यांनी काय मागितलं ते शेजारच्या तीन घरांना रोज सकाळी कळायचं.

माझं काम फौंड्रीच्या लॅबमध्ये, साच्याची वाळू तपासायचं. संध्याकाळी मी गेटमधून आत आले की ते खुर्चीतून विचारायचे, "आज वाळू कशी हाय?" आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं. "जरा ओल जास्त आहे," म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "साहेबास्नी सांग, घाई करू नगा म्हणावं. कास्टिंग फुगतंय मग." आणि वाळू चांगली आहे म्हटलं की काकूंना चहा टाकायला सांगायचे. माझ्या नोकरीत मनापासून रस घेणारा तो जगातला एकमेव माणूस होता. खुद्द आमच्या साहेबांनाही एवढा नव्हता.

त्यांच्या तालमीची एक कट्टर विरोधी तालीम होती. तिचं नाव काकांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. "पलीकडची" एवढंच म्हणायचे. त्या पलीकडच्यांचा रंग जांभळा. त्यामुळं आमच्या घरात जांभळी वस्तू येत नसे. काकूंच्या माहेरून आलेली एक जांभळी इरकल पंधरा वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होती. एवढंच असतं तरी चाललं असतं, पण घरात वांगंही शिजत नसे. हिरवी वांगी चालायची, पण ती कधीतरी मिळायची. मॅचचा दिवस हा काकूंच्या दृष्टीनं खरा सणाचा दिवस. काका स्टेडियमकडं निघाले आणि कोपऱ्यावरून वळले की काकू मला हाक मारायच्या, "ये गं, भरल्या वांग्याला बसलोय." मग आम्ही दोघी मुकाट्यानं, खिडक्या लावून, वांगं-भाकरी खायचो. काका परत यायच्या आत भांडं घासून पालथं पडलेलं असायचं. जिंकून आले तर त्यांना कसलाच वास यायचा नाही. हरून आले की दारातूनच, "कसला वास येतोय?" म्हणायचे. काकू म्हणायच्या, "हरल्याचा."

पलीकडच्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक भडंगाचं दुकान आहे. दुकानाचा मालक काकांच्या वर्गातला, शाळेत एका बाकावर बसलेला. तो मात्र पलीकडचा. तरुणपणी कुठल्याशा फायनलला दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि तेव्हापासून अबोला. अख्ख्या शहरात त्याच्यासारखं भडंग कुणाचं नाही हे काका स्वतःच सांगायचे, पण विकत मात्र दुसरीकडून आणायचे आणि दर घासाला नाक मुरडत खायचे. नवराबायकोचं काही वाजलं की बोट वर करून म्हणायचे, "शिट्टी झाली. विषय संपला." त्यांचा स्वतःचा एकही विषय कधी संपलेला मी पाहिला नाही.

हे सगळं सांगितलं की ऐकणारे हसतात, आणि माणूस तऱ्हेवाईकच आहे, हसावं. पण माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे ते हसण्याच्या पलीकडचं आहे. पहिल्याच वर्षी मला ताप भरला. तीन दिवस उठता येईना. तिसऱ्या दिवशी नेमकी सेमीफायनल, आणि काकू भावाच्या घरी लग्नाला गेलेल्या. काका सकाळी दारातून ओरडून गेले, "पडून ऱ्हा! उठलीस तर बघ!" दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर हे समोर उभे, घामाघूम, गळ्यात तालमीचा रुमाल, हातात पेजेचं पातेलं.

"मॅच संपली?" मी विचारलं.

"हाफ टाइम झालाय. पी पटदिशी."

मी पिऊन संपवेपर्यंत ते दाराला टेकून धापा टाकत उभे होते. मग पातेलं तिथंच टाकून परत पळाले. त्या वयाचा माणूस पळताना मी खिडकीतून बघत होते. ते पोचेपर्यंत दुसऱ्या हाफचा गोल होऊन गेला होता, तोही त्यांच्याच तालमीचा. तेव्हापासून घरी कुणीही आलं की माझी ओळख ते अशीच करून द्यायचे: "ही आमची भाडेकरू. हिच्या तापापायी एक गोल बघायचा ऱ्हायला माझा."

एवढ्या माणसाला मी एक गोष्ट सांगितली नव्हती.

मी सहा वर्षांची असताना मामानं मला शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीतून आणून शहराबाहेरच्या एका अनाथ मुलामुलींच्या वसतिगृहात सोडलं. आईवडील दोघंही नव्हते, आणि मामाच्या घरात आधीच पाच तोंडं होती. मामाला मी दोष देत नाही. वसतिगृह चांगलं होतं. ते चालवणाऱ्या बाईंनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं. मी आज उभी आहे ती त्यांच्यामुळं. मला लाज वाटायची ती वसतिगृहाची नव्हे. कार्यक्रमांची. वर्षातून पाचसहा वेळा कुणीतरी मोठी माणसं यायची. आम्ही रांगेत उभं राहायचं. वही किंवा खाऊचा पुडा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, कॅमेऱ्याकडं बघायचं, मग माइकवर आपलं नाव सांगून आभार मानायचे. देणारी माणसं वाईट नव्हती. पण दहा वर्षं मी रांगेत उभी राहून आभार मानले, आणि त्यातले मनापासूनचे किती होते ते मलाही सांगता येणार नाही. नोकरी लागल्यावर मी ठरवलं की ह्या शहरात मला रांगेतली मुलगी म्हणून कुणी ओळखता कामा नये. काकांना एवढंच सांगितलं, की गावाकडं मामा असतो. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, मोसमाच्या मध्यावरच, दोन्हीकडच्या सपोर्टरांत दगडफेक झाली आणि उरलेल्या मॅच पब्लिकशिवाय खेळवायचं ठरलं. काकांची अवस्था बघवेना. गच्चीवर जाऊन कानामागं हात धरून ते स्टेडियमच्या दिशेनं शिट्ट्या ऐकत बसायचे. "ही फाऊलची. ही कॉर्नरची." असे दोन रविवार गेल्यावर तालमीतली चारपाच पोरं एक कल्पना घेऊन आली. पलीकडच्यांशीही त्यांचं बोलणं झालं होतं. खेळाडू रोजच खेळतात, आपण ओरडतो. एक दिवस ओरडणाऱ्यांनीच खेळायचं. सपोर्टरांची टूर्नामेंट, सहासहा जणांच्या टीम, आणि जमतील ते सगळे पैसे एका मुलांच्या वसतिगृहाला द्यायचे.

मी चहाचे कप घेऊन ओसरीवर आले होते. त्यातल्या एकानं वसतिगृहाचं नाव घेतलं. मी ट्रे खाली ठेवला आणि आत निघून आले.

आतूनही सगळं ऐकू येत होतं. पोरं आमच्या बाईंना भेटून आली होती. बाईंनी बजावलं होतं, "मुलं बघायला येतील. पण एक शिवी जरी ऐकू आली, तर मी मुलांना गाडीत बसवून परत नेईन आणि तुमचं काही घेणार नाही." पोरं काकांना विचारत होती, दोन तालमींचे सपोर्टर समोरासमोर आल्यावर शिवी येणार नाही हे कसं जमवायचं?

काका म्हणाले, "टीम तालमीच्या नगं. चिठ्ठ्या टाका. सगळ्यास्नी मिसळा. दगड मारायचा म्हटला तर आपल्याच माणसाला लागंल, असं करा."

काकूंच्या पातेल्यात चिठ्ठ्या पडल्या. काकांचं नावही होतंच, ते गोलकीपर. त्यांच्या टीममध्ये बाकीचे पाच जण आले त्यातले चौघे पलीकडचे, आणि त्यांचा कॅप्टन तो भडंगवाला. काका चिठ्ठी हातात धरून बसून राहिले. काकूंनी आतून विचारलं, "आज वांगं करू काय?"

सरावाला दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहून तिसऱ्यामार्फत बोलायचे. "ह्यास्नी सांगा, गोल सोडून फुडं येऊ नगा म्हणून." "त्याला सांग, मला शिकवू नगो म्हणून." मी ते बघायला एकदा गेले, पुन्हा गेले नाही. टूर्नामेंटच्या रविवारी काहीतरी कारण काढून मामाकडं जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण आदल्या दिवशी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "उद्या येतीयास न्हवं? मी खेळणार हाय," म्हणाले, जरा चाचरतच. पेजेचं पातेलं आठवलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

सकाळचीच वेळ. एका शाळेचं मैदान. कडेला सतरंजीवर मुलं बसवली होती, तीसबत्तीस तरी असतील. प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर एका दुकानाचं नाव. त्या दुकानाच्या मालकांनी मंडप, चहा, टोप्या असा सगळा खर्च उचलला होता, शिवाय मुलांसाठी दप्तरं आणली होती. मंडपात टेबलावर दप्तरांची चळत, मागं बॅनर, पुढं माइक. हे सगळं मला तोंडपाठ होतं. रांग कुठून सुरू होणार, मुलं कुठं वळणार, फोटोवाला कुठं बसणार. मी काकूंच्या शेजारी समोरच्या बाजूला बसले, मंडपापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. बाईंनी मला पाहिलं. लांबूनच हसल्या, हाक मारली नाही. माझं सगळं त्यांना ठाऊक होतं.

काकांची मॅच पहिलीच. आणि त्या मॅचमध्ये जे झालं ते कोल्हापुरातच होऊ शकतं. चेंडू पायात आला की प्रत्येक जण मान वर करून आपला माणूस शोधायचा, आणि आपला माणूस म्हणजे आपल्या गल्लीतला. तो आज समोरच्या टीममध्ये आहे, हे पायांना कोण सांगणार? पलीकडचे पलीकडच्यांना पास देत होते, अलीकडचे अलीकडच्यांना. मधे एकदा काकांनी चेंडू झकास अडवला, उभे राहिले, मैदानभर नजर फिरवली आणि आपल्याच तालमीच्या एका पोराला हाक मारून त्याच्याकडं टाकला. "घे रं!" पोरगं समोरच्या टीमचं. "थँक्यू काका," म्हणालं आणि गोल मारून मोकळं झालं.

भडंगवाला लांबून धावत आला आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा काकांशी थेट बोलला.

"अहो, त्यो त्यांचा हाय आज!"

"माझ्या गल्लीतला हाय त्यो!"

"गल्लीतला असंल, पर गोल आपल्यावर बसला की!"

हे खरं तर पोट धरून हसण्यासारखं होतं, पण मैदानात हसण्याचा आवाज नव्हता. कुठलाच आवाज नव्हता. दोन्हीकडचं पब्लिक गोंधळून बसलं होतं. गोल झाला, पण आपला की त्यांचा? टाळी वाजवावी तर निम्मी टीम विरोधी. शिवी द्यावी तर निम्मी घरची. शिवी नाही म्हणून बाई समाधानात होत्या, पण मॅच मयताला जमल्यासारखी चालली होती. काकांना हे सहन होईना. शिट्टी झाल्याबरोबर, हरले होते तरी, ते हातमोजे काढत तडक मुलांच्या सतरंजीकडं गेले.

"तालीम कंची रं तुमची?"

मुलं दचकली. एक मोठा मुलगा म्हणाला, "आमच्यात नसती तालीम."

"असं कसं? मग वरडायचं कुणाच्या नावानं?" त्यांनी मागं वळून सगळ्या टीमना हाक मारली. "या हिकडं समदी! पब्लिक हितं हाय आणि तुम्ही तिकडं काय करताय? मागून घ्या आपापला सपोर्ट!"

तो हुकूम कुणाला मोडवला नाही. पोटं सुटलेले दुकानदार, मिस्त्री, फौंड्रीतली पोरं, सगळे सतरंजीपुढं येऊन उभे राहिले, आणि तीसबत्तीस मुलं त्यांना निरखून बघायला लागली. पसंतीची कारणं त्यांची त्यांनाच माहीत. एका टीममध्ये एकाच्या मिशा भारी होत्या, तिला दहा मुलं मिळाली. एकानं कोलांटी उडी मारून दाखवली, त्याच्याकडं आठ गेली. एक कॅप्टन तर अक्षरशः हात जोडून म्हणाला, "आमच्याकडं कोण तरी या की." मुलं दाद देईनात. भाव खायची अशी संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली.

काकांच्या टीमकडं कुणीच गेलं नाही. एक तर हरलेली टीम, त्यात काकांचा आवाज. मुलं त्यांना घाबरली होती. काका हातमोजे चाळवत उभे, शेजारी भडंगवाला. दोघंही एकदम बापुडवाणे दिसत होते. शेवटी सतरंजीवर एकच मुलगी उरली. आठेक वर्षांची, बारीक, टोपी कानावर आलेली. तिनं सगळ्या टीमकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मी ह्यांच्याकडनं. ह्यांना कोणच न्हाई."

त्यानंतरची मैदानावरची आरडाओरड मी शब्दांत सांगू शकत नाही. मुलांनी टोप्या काढून फिरवल्या. घोषणा रचल्या. आता गोल कुणाचा हे सगळ्यांना कळत होतं, गोल मुलांचा. मुलं ओरडायला लागल्यावर दोन्हीकडचं मोठं पब्लिकही त्यांच्या मागं जाऊन बसलं, ज्याला ज्या घोळक्याची घोषणा आवडली तिथं. एवढ्या गदारोळात सतरंजीच्या टोकाला ती मुलगी एकटीच बसली होती आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "काकाऽ, पकड! काकाऽ, पकड!" काका पकडत नव्हते. दुसरी मॅचही हरत चालली होती. बाकीच्यांच्या आवाजात तिचा आवाज बुडून जात होता, तरी ती थांबत नव्हती.

मी कधी उठले मला कळलं नाही. काकूंना काही न सांगता मैदानाला वळसा घालून गेले आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. मीही ओरडायला लागले. त्या घरात राहायला आल्यापासून मी एवढा आवाज काढलेला कुणी ऐकला नसेल.

मधल्या वेळेत तिनं विचारलं, "ताई, तुम्ही कोणच्या?"

"मी तुमच्यातलीच," मी म्हटलं. ते इतकं सहज तोंडून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. "वरच्या हॉलमध्ये खिडकीजवळची कॉट होती माझी."

"ती मोडली," ती म्हणाली. "भंगारात दिली." आणि मॅच सुरू झाल्यामुळं पुढं ओरडायला लागली.

काकांची टीम तिन्ही मॅच हरली. टूर्नामेंट मिशावाल्यांनी जिंकली. आणि मग माइकवर आवाज आला. दुकानाचे मालकच बोलत होते. "सर्व मुलांनी आता रांगेत मंडपात यावं. एकेकानं आपलं नाव सांगून दप्तर स्वीकारावं आणि आभार व्यक्त करावेत." आताच घसा फोडून ओरडणारी मुलं एका क्षणात गप्प झाली. कुणी न सांगता त्यांनी टोप्या नीट केल्या आणि उंचीप्रमाणं उभी राहायला लागली. माझ्या शेजारची ती मुलगी उठली, फ्रॉकवरची धूळ झटकली. उठून बाईंकडं धावत जावं, काहीतरी सांगावं असं वाटत होतं, पण पाय उचलेनात.

तेवढ्यात काका मैदानातून मंडपाकडं येताना दिसले. हातमोजे काखेत, गुडघा फुटलेला. त्यांनी माइक मागितला नाही, त्यांना तो कधी लागतच नाही.

"पावणं, जरा थांबा! हे उलटं चाललंय."

मालक गोंधळले. "काय उलटं?"

"मॅच झाल्यावर पब्लिक येतंय व्हय खेळाडूकडं? खेळाडू जातोय पब्लिककडं! हात जोडायला! वरडून वरडून घसं बसल्यात पोरांचं. त्येंचं आभार कोण मानणार?"

पुष्कळांना पुढं वाटलं की काकांनी मुद्दाम केलं, मुलांचा मान राखायला. बाईंनाही तसंच वाटलं. पण मी त्यांच्या घरात राहिलेली आहे. काकांच्या डोक्यात दया नव्हती, उपकार नव्हते, काहीही नव्हतं. मॅच संपल्यावर खेळाडूनं आपल्या पब्लिकपुढं जायचं असतं, हा फुटबॉलचा रिवाज आहे, आणि तो मोडताना त्यांना बघवेना, एवढंच. म्हणूनच मला त्याचं इतकं मोल वाटतं.

मालक हौशी माणूस होते, भांडखोर नव्हते. त्यांनाही ते पटलं. दप्तरं बाईंच्या गाडीत नेऊन ठेवली गेली. मुलं होती तिथंच, सतरंजीवर, आपापल्या घोळक्यात उभी राहिली, आणि सगळे खेळाडू रांगेत आले. एकेक जण आपल्या पब्लिकपुढं उभा राहून नाव सांगत होता आणि हात जोडत होता. आमच्या घोळक्यात आम्ही दोघीच. पहिला आला तो एक दांडगा गडी, पलीकडच्या तालमीचा. इतक्या छोट्या मुलीपुढं काय बोलावं ह्याची त्याला लाज वाटली असावी. खाली बघून कसंबसं नाव पुटपुटला.

"मोठ्यांदा सांगा," ती मुलगी म्हणाली. "मागं ऐकू आलं न्हाई."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला प्रत्येक कार्यक्रमात ते ऐकवलं गेलं होतं, मलाही. त्या गड्यानं मान वर केली आणि मैदानभर जाईल अशा आवाजात आपलं नाव सांगितलं. मला एकदम रडू आलं आणि हसूही. मुलीनं त्याला माझी ओळख करून दिली, तिच्या त्या बसलेल्या घशानं, तितक्याच मोठ्यांदा, "ही ताई पण आमच्या होस्टेलातलीच हाय. वरच्या हॉलमधली." पुढच्यालाही तेच सांगितलं. मग भडंगवाल्याला. आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. काकू समोरून येऊन सतरंजीच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी ऐकलं. मी कुठंही पळाले नाही.

रांगेत सगळ्यात शेवटी काका. त्यांनीही ऐकलं असणार, कारण माझ्यासमोर आले तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. माझ्याकडं बघितलं, त्या मुलीकडं बघितलं, मुलांच्या टोप्यांकडं बघितलं, परत माझ्याकडं. रागावल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, तशा झाल्या होत्या, पण डोळे भरले होते. दोन वर्षं मी त्यांना नुसतं काका म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी मला आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मातीनं भरलेले हात जोडले.

"आमच्यासाठी वरडलासा," म्हणाले, "आभारी हाय."

मग जरा पुढं वाकले. मी त्यांना आयुष्यात त्या एकाच वेळी हळू बोलताना ऐकलं.

"घरला चल," ते म्हणाले. "मग बघतो तुला."